कधीच न उघडलेली गिटार

परवा आमच्या शेजारचा तुषार दारात उभा राहिला. एका हातात गिटारची काळी पेटी, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हरचा नवाकोरा संच. मूळचा अकोल्याचा, इथे पुण्यात, मांजरी भागात फ्लॅट घेऊन राहिलेला, दिवसभर कंप्युटरसमोर बसणारा सज्जन मुलगा. "काकू, जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन राहिलो, व्हिंटेज आहे म्हणे. पार्ट्स ओरिजिनल आहेत का, जरा चेक करून द्या ना. खोलायची कशी त्याचा व्हिडिओ मी बघून ठेवलाय." मी म्हटलं, "आधी तो स्क्रूड्रायव्हर चपलांशेजारी ठेव, मग आत ये." बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हातारी तिरसट आहे. आहेच मी तिरसट. जन्मभर पोरांना गिटार शिकवून माणूस दुसरं काय होणार? पण त्या तिरसटपणाचं मूळ वेगळं आहे. ते तुषारला सांगायला चहाचा एक कप पुरला नसता. म्हणून इथे लिहिते. इतकी वर्षं झाली तरी माझा संताप पुरता निवलेला नाही, हे लिहायला घेतल्यावर लक्षात येतंय.

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली पिठाची गिरणी. सकाळी ती सुरू झाली की आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायला लागत, आणि ती थांबली की सगळं घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटे. घरात आई, अण्णा आणि मी, नीला. वडिलांना मी अण्णा म्हणे. ते सरकारी ऑडिटमध्ये होते, आणि ऑफिस सुटलं तरी त्यांचं ऑडिट सुटत नसे. आमच्या घरात आलेली कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय वापरायची नाही, हा नियम होता. तो काळच तसा होता म्हणा. जो तो दुकानदार 'ओरिजिनल' म्हणून शपथा घ्यायचा आणि आत डुप्लिकेट माल निघायचा. पण बाकीचे लोक कुरकुरत का होईना विश्वास ठेवत, अण्णा ठेवत नसत. इस्त्री आणली, उघडली. रेडिओ आणला, उघडला. मिक्सर आणला त्या दिवशी आईने चटणीसाठी खोबरं खवून, मिरच्या-कोथिंबीर निवडून तयारी ठेवली होती, आणि अण्णा आतली तार खरोखर तांब्याची आहे का ते बघत मिक्सर उलटा करून बसले होते. शेवटी चटणी पाट्यावरच वाटली गेली. आई म्हणाली, "माझ्या वडिलांनी यांना तेवढं उघडून पाहायला हवं होतं." अण्णांनी मान वर केली नाही. आपल्याला आजवर कुणी फसवलेलं नाही, हा त्यांचा सर्वांत मोठा अभिमान होता. दुसऱ्या कुणाबद्दल फार वाईट बोलायचं झालं तर ते "फसला तो" एवढंच म्हणत.

अशा घरात मला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. साधी, लाकडी पोटाची गिटार मी नारायण पेठेतल्या एका क्लासात शिकले होते. तिथे बाकीच्या मुली मांडीवर आडवी ठेवून भावगीतं वाजवायच्या, मी उभी धरून वाजवायला शिकले, त्यामुळे सरांच्या मते मी वाया गेले होते. त्याच सुमारास पेठेतल्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला नोकरीसाठी आखाती देशात निघून गेला. ऑर्केस्ट्राच्या चालकांनी, बाळासाहेबांनी, क्लासात येऊन मला ऐकलं आणि म्हणाले, "मुलगी गिटारवर उभी राहिली तर लोक बघायला तरी येतील. गणपतीत आठ-दहा मंडळांचे कार्यक्रम आहेत. पण गिटार तुझी तू आणायची, आणि इलेक्ट्रिकच हवी. या डबड्याचा आवाज लाउडस्पीकरपुढे कोण ऐकणार?" मला त्या वेळी जगात दुसरं काहीही नको होतं. लग्न नको, बीकॉम नको, त्या मंडपात, त्या भगभगीत दिव्यांखाली, ढोलक आणि अकॉर्डियनच्या मधे उभं राहायचं होतं. आज हे वाचून कुणी हसेल तर खुशाल हसो.

नवी गिटार परवडण्याचा प्रश्नच नव्हता. पण बाळासाहेबांनीच कॅम्पातल्या मिसेस मिनेझिसचं नाव सांगितलं. त्यांचे यजमान एडी हॉटेलांत आणि लग्नांत वाजवायचे, ते वारले होते, आणि त्यांची अमेरिकन बनावटीची जुनी गिटार बाईंना योग्य माणसाच्या हाती द्यायची होती. अण्णा बरोबर आले. त्यांच्याशिवाय घरात सुतळीचा तोडासुद्धा येत नसे. बाईंचं घर जिन्यावरून वर, लाल फरशीचं, भिंतीवर क्रॉस आणि त्याखाली एडींचा काळा सूट घातलेला फोटो. त्यांनी बशीत घरी केलेली पेरूची बर्फी ठेवली. अण्णांनी "मी बाहेरचं खात नाही" असं तोंडावर सांगितलं. मी तीन वड्या खाल्ल्या. मग बाईंनी पेटी उघडली आणि मी हातातली वडी खाली ठेवली. मधासारखा रंग, कडेला थोडा उडालेला, आणि पुढच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटीला वर्षानुवर्षांच्या बोटांनी आलेला पिवळेपणा.

अण्णांनी चष्मा पुसला. "हिचे आतले पार्ट कधी बदलले आहेत?"

"नाय, कधीच नाय," बाई म्हणाल्या. "एडी तिला कुणाला हात लावू देत नव्हता. मी पुसायला गेले तरी ओरडायचा. तार तुटली तर तार बदलायची, बस. आत कुणी बघितलंच नाय."

"म्हणजे आपण आत पाहिलेलं नाही."

"मी कशाला बघू?"

"मग बदललेले नाहीत हे आपल्याला कसं माहीत?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर आठल्ये, तो माझा नवरा होता ना." आणि माझ्याकडे वळून, "तू घेऊन जा बाळ. वाजव. गणपती बसायच्या आधी सांगा, हवी का नको. मुंबईचे एक देसाई म्हणून आहेत, जुनी वाद्यं जमवतात, ते मागे लागलेत. पण ते काचेच्या कपाटात ठेवणार. तू वाजवणार. म्हणून पहिली तुला." पसंतीसाठी एवढी मोलाची वस्तू अनोळखी माणसांच्या हाती कुणी देतं का? बाईंनी दिली. जिना उतरताना अण्णा मला म्हणाले, "एवढ्या विश्वासाने देतात म्हणजे काहीतरी गोम आहे."

घरी अ‍ॅम्प्लिफायर कुठला? पण आमच्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची भोकं होती. अण्णांनीच दोन वायरी जोडून दिल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मी तार छेडली आणि तो आवाज आला. गोल, भरलेला, लांबपर्यंत टिकणारा. आई पोळी तव्यावर टाकून बाहेर आली, आणि पोळी करपली तरी तिथेच उभी राहिली. पुढचे काही दिवस मी कॉलेजातून आले की गिरणी बंद व्हायची वाट बघे आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत वाजवी. शेजारचे लोक तक्रार करायला येत आणि बसून राहत. मेतकूट-भाताच्या ताटावर बसल्या बसल्यासुद्धा माझी डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत असत. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत. पेपरवरून मधूनमधून ते गिटारकडे बघत, माझ्याकडे नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका गुरुवारी अण्णांनी अर्धी रजा टाकली. मी कॉलेजात होते. संध्याकाळी जिना चढताना गिरणीच्या पिठाच्या वासात दुसराच एक वास मिसळला होता, सोल्डरिंगच्या राळेचा. दार ढकललं तर गिटार जशीच्या तशी पलंगावर निजलेली, अण्णा खुर्चीत चहा पिताहेत, आणि चेहऱ्यावर असं समाधान की सत्यनारायणच आटोपला आहे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऑपरेशन झालं. पेशंट अजून शुद्धीवर यायचाय."

"नीले, सगळं ओरिजिनल आहे!" अण्णा म्हणाले. "पाटी काढली, पण ती वायरींमुळे पुरती उलटत नव्हती, म्हणून वायरींच्या सांध्यांवरचं सोल्डर काढून अख्खी सुटी केली आणि टेबलावर घेऊन पाहिली. तारांखाली त्या चुंबकाच्या पट्ट्या असतात ना, पिकअप, त्यांच्यावर कंपनीचा शिक्का. वायरींना सुती कापडाचं वेष्टण. सोल्डर एकूणएक जुनं, मळकं, राखाडी. कुणाचाही हात लागलेला नव्हता. बाई अगदी खरं बोलत होत्या!" हे शेवटचं वाक्य ते ज्या आनंदाने म्हणाले त्याने माझं डोकं फिरलं. बाई खरं बोलत होत्या हे त्यांना ऐकून पटलं नाही, बाईंच्या नवऱ्याची वस्तू टेबलावर चिरून पटलं. मी आईला विचारलं, "तू अडवलं का नाहीस?" ती म्हणाली, "मी आत भाजणी भाजत होते. यांना अडवायचं तर भाजणी कुणी भाजायची? मी बघायलासुद्धा गेले नाही."

मी वायर रेडिओला लावली. घूं असा आवाज. तारांना हात लावला की कमी व्हायचा, काढला की परत घूं. आणि त्या घूंमधून जे सूर येत होते ते पातळ, नाकातले, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी रेडिओकडे बघितलं. "रेडिओत बिघाड आहे," ते म्हणाले.

पुढचा आठवडा आठवला की आजही माझे दात आवळले जातात. मी सांगतेय की अर्थिंगची वायर कुठेतरी सुटली असेल, पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्या असतील, कुणा जाणकाराकडे नेऊ या. अण्णा सांगताहेत, "मी लावलंय ते बरोबरच लावलंय. मी प्रत्येक वायरची जागा लक्षात ठेवली होती." मग त्यांनी रेडिओ उघडला. गिटार नाही, रेडिओ! दोन दिवस आमच्याकडे बातम्या नव्हत्या. रेडिओत काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी भिंतीतला प्लग उघडला. आई म्हणाली, "आता गिरणीची मोटर तेवढी राहिलीय." मी रडले, ओरडले, एक वेळ जेवले नाही. त्यावर अण्णा फक्त म्हणाले, "रडून सर्किट दुरुस्त होत नाही." मी तशीच गिटार घेऊन बाळासाहेबांच्या तालमीला गेले, मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला तरी नीट वाजेल या वेड्या आशेने. तिथे तर ते घूं सगळ्या हॉलभर पसरलं. बाळासाहेबांनी कानावर हात ठेवला. "अगं, ही कुणीतरी उघडलेली आहे. हे घेऊन मंडपात नाही उभं राहता येणार. परत करून टाक." गणपती तोंडावर आले होते. त्यांना थांबता येईना. माझ्या जागी भवानी पेठेतला एक मुलगा आला. चांगला वाजवायचा, हे अजून जास्त वाईट.

अण्णांनी खालच्या दुकानातून बाईंना फोन करून कळवलं की गिटार परत आणतो. रविवारी आम्ही कॅम्पात गेलो तर तिथे देसाई आधीच येऊन बसलेले. पन्नाशीचे, दादरचे, पांढरा बुशशर्ट, बोलणं मऊ. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. आम्ही नको म्हणालो म्हटल्यावर त्या दुसरं काय करणार? देसाईंनी टेबलावर फडकं पसरलं आणि गिटार त्यावर ठेवली. काय काय बघावं, हे मी त्या सकाळी त्यांच्याकडून शिकले. आधी स्क्रूंची डोकी: ती झिजली आहेत का, ओरखडलेली आहेत का. मग खुंट्यांच्या मागे जुन्या, बुजवलेल्या भोकांच्या खुणा आहेत का. मग बॅटरीच्या उजेडात पाटीची कड, म्हणजे पाटीखालचा रंग आणि बाहेरचा रंग यात उन्हाने पडलेला फरक आहे की नाही. बराच वेळ ते मान डोलवत होते. मग त्यांनी पाटीचे स्क्रू काढले, ती जराशी उचलली, खाली वाकून पाहिलं आणि त्यांची मान थांबली.

"सोल्डर नवं आहे," ते म्हणाले. "चकचकीत. पिकअपच्या वायरी सोडवून पुन्हा जोडल्या आहेत. मिसेस मिनेझिस, हे मूळचं काम नाही."

"नाय, होणारच नाय," बाई म्हणाल्या. "एडीने कधी..."

"राग मानू नका. पुष्कळ वाजवणारे हे करतात. अडचणीच्या वेळी मूळचे पिकअप काढून विकायचे आणि तसेच दिसणारे दुसरे बसवायचे. वरून शिक्केसुद्धा सारखे असतात. घरच्यांना कळत नाही."

बाईंनी वर फोटोकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्याला काम मिळत नव्हतं. डायनिंग टेबल विकलं तेव्हा मला सांगितलं होतं त्याने. पण हे..." मी माझ्या गिटारसाठी रडून रडून कोरडी झाले होते, पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांचा नवरा असा जाताना मला बघवेना.

अण्णा उठून उभे राहिले. ऑफिसात साहेबासमोर उभे राहत असावेत तसे. "त्यांनी नाही उघडली. मी उघडली. दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी, माझ्या घरी. सोल्डर माझं आहे."

"हो, अण्णांनीच उघडली," मी म्हणाले.

देसाईंनी बॅटरी विझवली. "पसंतीला आणलेली दुसऱ्याची वस्तू तुम्ही सोल्डर काढून सुटी केलीत?"

"हो. पार्ट ओरिजिनल आहेत की नाहीत ते बघायला."

"आणि होते?"

"एकूणएक. आतलं सोल्डर जुनं होतं, राखाडी होतं. कुणी हात लावलेला नव्हता."

"ते जुनं सोल्डर कुठे आहे?"

"काढताना वितळलं," अण्णा म्हणाले.

"बाकी कुणी पाहिलं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. मी एकटाच होतो."

"मग साहेब, तुमच्या शब्दावर मी कसा जाऊ? मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण ती उघडलेली नव्हती याचा पुरावा एकच होता, तो म्हणजे हात न लागलेलं सोल्डर. तो आता नाही." हे ते अगदी नम्रपणे म्हणाले. त्यांच्या जागी अण्णा असते तर त्यांनी हेच विचारलं असतं, याच क्रमाने. तरीही ते पुन्हा म्हणाले, "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय हो. शिक्के, वायरी, सगळं." त्यांचा आवाज चढला. अण्णा कुणाला अशी विनवणी करताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा बाई पुढे झाल्या आणि त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. "थँक यू, मिस्टर आठल्ये," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत काय बघितलं ते तुम्हाला माहीत. एडीसाठी असं बोललात, फार चांगले आहात तुम्ही." आणि देसाईंना, "घेऊन जा. जी काय किंमत असेल ती द्या." अण्णा "अहो नाही, मी खरंच..." एवढंच म्हणाले. बाईंनी त्यांचा हात थोपटला आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. उभ्या जन्मात कुणाचं मन राखायला एक शब्द खोटा न बोललेल्या माणसाचे, त्याने खोटं बोलल्याबद्दल आभार मानले गेले होते. चहा आम्ही प्यायलो. तो प्यावाच लागला. देसाई तेवढ्यात पेटीचे खटके लावत होते.

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. ऊन होतं, चर्च सुटलेलं होतं, नटलेली पोरं फुगेवाल्याभोवती गोळा झाली होती. अण्णा माझ्या पुढे चालत होते ते थांबले आणि मागे वळले. इतकी वर्षं शिकवताना, वाजवताना, लोकांच्या जुन्या गिटारी तपासताना मी त्या क्षणावर पुष्कळदा जाऊन उभी राहिले आहे, आणि दर वेळी आधी मला रागच येतो: त्यांचा, देसाईंचा, त्या गुरुवारच्या अर्ध्या रजेचा. बाईंच्या मनातून तो माणूस उठला तो उठलाच, आणि तो निर्दोष होता हे जगात एकट्या अण्णांना माहीत होतं.

"नीले," ते म्हणाले, "तुझा तरी विश्वास आहे ना? आतलं सगळं ओरिजिनल होतं."

माझे हात रिकामे होते. त्या हातांत गिटारची पेटी असायला हवी होती, आणि परवा मंडपात तो भवानी पेठेतला मुलगा उभा राहणार होता. मी म्हणाले, "मी कुठे आत पाहिलंय?"

अण्णांनी मान हलवली, लहानपणी मी पाढा बरोबर म्हटला की हलवत तशीच.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पाहिल्याशिवाय हो म्हणू नये."